मे महिन्यातली ओल

कोथरूडमधला टू बीएचके. इमारत 1992 ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घेणारं जोडपं तिशीतलं, सोबत मुलाचे वडील साताऱ्याहून आलेले. घरात आजी एकट्याच. बंगळुरूला मुलाकडे जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं होतं. इसार देऊन झाला होता, बँकेचा व्हॅल्युअरही येऊन गेला होता.

"मग मॅडम, आता तुम्ही अजून काय बघणार?" वडिलांनी दारातच विचारलं.

प्रश्न रास्त होता. पण व्हॅल्युअर बघतो ते बँकेसाठी, कर्जाला घर तारण म्हणून पुरेसं आहे का एवढंच. भिंतीत पाणी मुरतंय का, सॉकेटला अर्थिंग आहे का, हे त्याच्या कामात येत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी पंधरा वर्षं साइटवर काढली, आता घरं तपासते. माझं काम तिथून सुरू होतं.

हॉलमधल्या दोन-तीन फरश्या ठोकल्यावर पोकळ वाजल्या, त्याचं विशेष काही नाही. किचनच्या सॉकेटला टेस्टर लावला तर अर्थिंग नव्हतं, मेन बोर्डात ईएलसीबीही, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विचही, नव्हता. हे मात्र जिवाशी खेळ असणारं, म्हणून अहवालात पहिलं लिहिलं.

मग आतली बेडरूम. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला नवा कोरा रंग, वास अजून गेला नव्हता. ओल मोजायचा मीटर खालपासून लावत गेले. कमरेपर्यंत हिरवा, खांद्याजवळ पिवळा, छताच्या कोपऱ्यात लाल. मे महिन्याचा पहिला आठवडा, बाहेर रणरणतं ऊन, वळीवसुद्धा आला नव्हता. पावसाची ओल असती तर एव्हाना वाळून गेली असती. हे पाणी रोजचं होतं आणि वरून येत होतं.

बाथरूमला पीव्हीसीचं खोटं छत होतं.

"आजी, हे कधी लावलंत?"

"ह्यांनी लावून घेतलं, नऊ वर्षं झाली की. आंघोळ करताना अंगावर थेंब पडायचे. हे लावल्यापासून एक थेंब नाही पडला." नवऱ्याच्या कामाचं कौतुक होतं त्या बोलण्यात.

त्यांना विचारून एक पट्टी सोडवली. "जपून गं," आजींनी शिडी धरली. पट्टीबरोबर तळहाताएवढा काँक्रीटचा तुकडा माझ्या हातात आला. वर टॉर्च मारला. स्लॅबच्या दोन सळया उघड्या पडल्या होत्या. बोट लावलं तर गंजाचा पापुद्रा बोटावर आला, ओला. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगताना खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. नऊ वर्षं हे चाललं होतं आणि पडणारं सगळं त्या छतावर साठत होतं.

"म्हणजे रंग मारून लपवलं होतं!" वडिलांचा आवाज चढला.

आजी पलंगावर बसल्या. "एजंट म्हणाला रंग मारून घ्या, किंमत बरी येईल. मला खरंच माहीत नव्हतं हो."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि मी तो बोलून दाखवला. लपवणारा माणूस शिडी धरत नाही.

वडिलांनी रेराचं विचारलं. रेरा कायद्यातली पाच वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची असते आणि ताबा दिल्यापासून मोजतात. इथे ती मुदत केव्हाच संपलेली. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं सोसायटीनं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं असतं. सेक्रेटरींना फोन लावला. एकदाही झालं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे काका ऐकेनात. "आमच्याकडे काही गळत नाही." तेव्हा आजी स्वतः जिना चढून गेल्या. "भाऊजी, एक रात्र बाथरूम द्या, एवढंच मागते." तीस वर्षांचा शेजार, नाही कसं म्हणतील? आम्ही नहाणी ट्रॅप कापडानं बंद केला, दोन इंच पाणी भरलं आणि त्यात खायचा लाल रंग कालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिडीवर चढले. सळईच्या टोकाला थेंब लोंबत होता. कापसाच्या बोळ्यानं टिपला. गुलाबी. बोळा खाली दिला, तो सगळ्यांच्या हातांतून फिरला. काकांनी तो सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवला.

संडास-बाथरूमची आतली गळती ज्याच्या घरातली, त्या सभासदानं दुरुस्त करायची, असं सोसायटीच्या उपविधींत आहे. पण ते काढावं लागलं नाही. जुना कोबा फोडून वॉटरप्रूफिंग नव्यानं करायला काका तयार झाले. स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचं ठरलं, आणि पावसाळा काढून, भिंत पुन्हा मोजून मगच करारनामा करायचा असंही. ही अट मी सुचवली होती. घाई दोघांनाही नव्हती.

अहवाल पैसे देणाऱ्याचा असतो, म्हणून एक प्रत आजींना देऊ का असं मी जोडप्याला विचारलं. मुलीनं स्वतःच नेऊन दिली. आजींनी चष्मा लावून पहिलं पान सावकाश वाचलं आणि मला हाक मारली.

"अगं, हे किचनच्या बटणाचं आज होईल का? मला अजून चार महिने इथेच राहायचंय."

ओळखीच्या वायरमनला फोन केला. संध्याकाळी सहाला तो आला, आणि ईएलसीबी बसवून होईपर्यंत मी तिथेच थांबले.