दादर ते अंधेरी, सात भागाकार

१ ते १००० मधल्या किती संख्यांना २, ३ किंवा ५ ने नि:शेष भाग जातो? स्पर्धा परीक्षांच्या गणितात हा प्रश्न या ना त्या वेषात भेटतोच. मी कला शाखेची. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध पगाराच्या पावतीपुरता उरलेला. लिपिक पदाच्या परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा हे प्रकरण मी सरळ शेवटी ढकललं होतं.

लालबागला आमच्या घराजवळ अभ्यासिका आहे. ऑफिसातून आले की जेवण उरकून तिथे जायचं. समोरच्या टेबलावर इंजिनिअरिंग झालेला एक मुलगा बसायचा, त्याला विचारलं. मार्गदर्शक पुस्तकात एक लांबलचक सूत्र चौकटीत छापलेलं होतं. ते बघून तो म्हणाला, "ताई, हे पाठ नका करू. एक संख्या हातात घ्या आणि ती आपण किती वेळा मोजली ते बघा."

मग त्याने ३० घेतली. २ च्या यादीत ती आहे, ३ च्या आहे, ५ च्याही आहे. म्हणजे तीनदा मोजली. मग आपण जोड्या वजा करतो: ६, १० आणि १५ ने भाग जाणाऱ्या. ३० त्या तिन्ही जोड्यांत आहे, म्हणजे तीनदा वजा झाली. तीन गेले तीन, शून्य. बिचारी मोजणीतूनच बाद! म्हणून तिन्हींनी भाग जाणाऱ्या शेवटी परत मिळवायच्या. आता ६ घ्या: दोनदा मोजली, एकदा वजा केली, उरली एकदा. ८ मुळातच एकदा. कुठलीही संख्या घ्या, हिशोबात ती एकदाच उरते. अधिक-उणे चिन्हांची भानगड एवढ्याचसाठी आहे. याला समावेश-वर्जन तत्त्व म्हणतात हे मला बऱ्याच नंतर कळलं, आणि तोवर त्यावाचून काही अडलं नव्हतं.

आकडे असे: १००० ला २ ने भागून ५००, ३ ने ३३३ (बाकी सोडून द्यायची), ५ ने २००. बेरीज १०३३. जोड्या: ६ ने १६६, १० ने १००, १५ ने ६६, मिळून ३३२. वजा केले की ७०१. ३० ने भाग जाणाऱ्या ३३ मिळवल्या की ७३४.

एकूण सात भागाकार. माझं ऑफिस अंधेरीला. दादरहून स्लो पकडली की माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी. सात स्टेशनं! दर स्टेशनाला एक भागाकार, तोही तोंडी, कारण त्या गर्दीत वही कोण काढणार. अट चौथी आली की भागाकार पंधरा होतात, म्हणजे थेट मीरा रोड. तेवढं लांब जायची वेळ परीक्षेत सहसा येत नाही.

उत्तर पडताळायची एक रीत मला सूत्रापेक्षाही आवडली. २, ३, ५ चा खेळ दर ३० संख्यांनी पुन्हा तसाच सुरू होतो. पहिल्या ३० मध्ये १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९ एवढ्या आठच सुटतात, २२ सापडतात. १००० मध्ये असे ३३ पूर्ण फेरे: ७२६. उरल्या ९९१ ते १०००. त्या वागायला १ ते १० सारख्याच, त्यातल्या दोन सुटतात, आठ सापडतात. ७३४. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की पुढच्या प्रश्नाकडे निर्धास्त जाता येतं.

खरे गुण जातात ते मात्र लसाविवर, म्हणजे दोन्ही संख्यांनी भाग जाणाऱ्या सगळ्यांत लहान संख्येवर. १ ते ५०० मध्ये ४ किंवा ६ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? १२५ अधिक ८३, म्हणजे २०८. दोन्हींनी भाग जाणाऱ्या वजा करताना घाईतला माणूस ४ गुणिले ६, २४ धरतो, २० वजा करतो आणि १८८ ला पोचतो. पण १२ लाच बघा, ४ नेही भाग जातो, ६ नेही. वजा करायच्या त्या १२ ने भाग जाणाऱ्या ४१, आणि उत्तर १६७. प्रश्न काढणारे पक्के असतात, १८८ पर्यायांत हमखास ठेवतात. २, ३, ५ सहमूळ आहेत, म्हणजे त्यातल्या कुठल्याही दोघांत १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणून तिथे नुसत्या गुणाकाराने भागतं.

तीन अंकी संख्या विचारल्या तर ९९९ पर्यंतच्या मोजून ९९ पर्यंतच्या वजा करायच्या. ७ साठी १४२ वजा १४, १२८. यात फारसं काही नाही. 'नेमक्या एकाच संख्येने भाग जाणाऱ्या' असं विचारलं की मात्र थांबावं लागतं: जोड्या दुप्पट वजा, तिहेरी तिप्पट अधिक. १०३३ वजा ६६४ अधिक ९९, म्हणजे ४६८. इथेही ३० ला विचारून बघा: तीन, वजा सहा, अधिक तीन. शून्य, जसं हवं तसं.

हे हाताशी बसल्यावर त्या मुलाने एक गंमत दाखवली, जी अभ्यासक्रमात नव्हती. १०० पर्यंतच्या मूळ संख्या एकही न लिहिता मोजायच्या. १०० चं वर्गमूळ १०, म्हणून २, ३, ५, ७ पुरेत. एकेकट्या: ५०, ३३, २०, १४, बेरीज ११७. सहा जोड्यांच्या ४५ वजा. तिहेरींच्या ६ अधिक. चारही एकदम म्हणजे २१०, ती १०० च्या बाहेर. ७८ झाल्या, उरल्या २२. त्यातून १ काढायचा, कारण तो मूळ नाही, आणि २, ३, ५, ७ स्वतः मूळ असून गाळले गेले होते ते चार परत घ्यायचे. २५. लजांद्र नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची ही रीत. २०० पर्यंत जायचं तर ११ आणि १३ ही घ्यावे लागतात, आणि सहा अटींचे भागाकार होतात ६३. त्यातले बरेचसे शून्य येतात म्हणा, कारण २ गुणिले ३ गुणिले ५ गुणिले ७ झाले की २०० ओलांडलेच.

परीक्षेत प्रश्न आला तो उलटा: यांपैकी कशानेही भाग न जाणाऱ्या किती? आधी नेहमीसारखं मोजलं, एकूणातून वजा केलं. मोजलेला आकडाही पर्यायांत पहिलाच होता, तो सोडून दुसऱ्यावर खूण केली आणि पान उलटलं.