बाईंना सांग, मला झाड व्हायचं नाही

आमच्या शाळेचं गॅदरिंग नाताळच्या आसपास असायचं. पत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन' छापलेलं, पण त्यातला स्नेह ड्रेपरीवाल्याची ट्रंक उघडली की संपायचा. भगवा फेटा प्रत्येकाला हवा, मोठी तलवार प्रत्येकाला हवी, आणि शत्रूच्या बाजूला जायला कुणीच तयार नाही. मिशा चिकटवणं हे तर खास माझं काम. दुसरीतल्या एका मावळ्यानं पोवाडा सुरू व्हायच्या आत अर्धी मिशी चावून टाकली. "बाई, केस लागत्यात वो तोंडात!" उरलेल्या मिशीला काजळाची जोड देऊन तसाच पुढं ढकलला. पोवाडा मात्र त्यानं असा म्हटला की मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या.

मुलांचं एक वेळ निभायचं, पालकांचं काय करायचं? शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोरं शाळेत न धाडणाऱ्या पालकांना महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. गॅदरिंगच्या दिवशी मला वाटायचं, आता उलटा दंड काढावा. रंगपटात घुसणाऱ्या पालकांना. एकजण पावडर लावायला, एकजण पावडर पुसायला. एक आजी तर शाल आणि डब्यातला दहीभात घेऊन थेट विंगेत. नाच सुरू व्हायला दोन मिनिटं उरलेली आणि आमची कोळीण तोंड उघडून घास घेतेय.

माझी पंचाईत आणखी वेगळी. माझा मुलगा माझ्याच वर्गात. शाळेत 'बाई' म्हणायचं, घरी 'आई', हा नियम मीच घातलेला आणि त्यानं तो फारच मनावर घेतलेला. चौथीच्या नाटकात त्याच्या वाट्याला झाड आलं. रात्री जेवताना मला म्हणाला, "आई, आमच्या बाईंना सांग, मला झाड व्हायचं नाही." मी म्हटलं, "बघते विचारून." दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाला, "बाई, आई तुमच्याशी बोलणार होती." मी म्हटलं, "मला नाही भेटल्या. घरून चिठ्ठी आण."

चिठ्ठी आली. अक्षर माझ्या सासूबाईंचं. 'मा. वर्गशिक्षिका यांस, स. न. वि. वि. आमचे नातवास झाडाचे काम दिल्याचे समजले. मुलगा चुणचुणीत आहे. त्याच्या आईस शाळेच्या कामातून सवड नसल्याने मी लिहीत आहे. कळावे.' एकाच घरात राहून मला हे पोस्टमनसारखं पोरगं आणून देतंय! शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं, ते मी विचारलं नाही. झाड काही बदललं नाही. प्रयोगात पहिल्या रांगेत आजी दिसल्याबरोबर त्या झाडानं दोन्ही फांद्या जोरात हलवल्या आणि राजपुत्राचा मुकुट उडवला. घरी सासूबाई म्हणाल्या, "वारा छान दाखवला हो."

त्या वर्षीच्या फिशपाँडमध्ये मला पडलं ते असं: 'घरी आई, शाळेत बाई, पोरानं दाद मागायची कुठं?' अक्षर ओळखीचं नव्हतं, पण संशय अजून आहे.

एका वर्षी गॅदरिंग कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं हे पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचं कुस्त्यांचं मैदान. ऑगस्ट 2024 मध्ये ते आगीत सापडल्याची बातमी आली तेव्हा मला पहिला आठवला आमचा अफझलखान.

हा खान सातवीतला, अंगानं भरलेला, आजोबा तालमीतले. नाटकाच्या तालमींमध्ये त्यानं काम चोख केलं. वाघनखं लागली की 'दगा, दगा' ओरडत उताणा पडायचा. प्रयोगाला आजोबा आले. सोबत त्यांचे चार जुने पैलवान, फेटे बांधून. शिवाजी महाराजांनी वार केला, खान ओरडला, झोकांडला आणि धाडकन पालथा पडला. पोट जमिनीला, पाठ आढ्याकडं. पुढचा संवाद खानाच्या चेहऱ्याकडं बघून म्हणायचा होता. शिवाजीनं त्याला हळूच पायानं उलटवायचा प्रयत्न केला. खान मेलेला असूनही हात रोवून तसाच पक्का. पुन्हा एकदा जोर लावला, तरी ढिम्म. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरं, पट काढ त्याचा!" मग काय, सगळं थिएटरच खासबाग झालं. शेवटी मी पडदा पाडायला लावला.

आत जाऊन विचारलं, "अरे, उताणं पडायचं ठरलं होतं ना?"

"बाई, आजोबा म्होरं बसलेत. पाठ टेकली तर हरलो की!"

तेवढ्यात आजोबाच आले. मला वाटलं, नातवाच्या वतीनं माफी मागतील. त्यांनी खानाच्या पाठीवर थाप मारली, धूळ नाही ना हे हातानं चाचपून बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, नाटक ब्येस झालं. पर फुडल्या सालाला मरायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमच्यात ती सवय न्हाई."