पान नको, पिल्लू न्या

"काकू, कोरफडीचं एक पान द्या ना, कुंडीत खोचते," असं आमच्या बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी म्हणतंच. केसांना चोळायला हवं तर पान देते, कुंडीसाठी मात्र पिल्लूच, म्हणजे मोठ्या झाडाशेजारी फुटलेलं छोटं रोप.

पानफुटीचं पान ओल्या मातीवर नुसतं पडलं तरी कडेच्या खाचांतून रोपं फुटतात. कोरफडीच्या पानात तसा डोळाच नसतो, कोंब येणार कुठून? आत सगळा गर, आणि त्यात ९८ टक्क्यांच्या आसपास पाणी. खोचलेलं पान काही दिवस हिरवं दिसतं म्हणून आशा वाटते, मग बुडाकडून मऊ पडतं आणि वास मारायला लागतं.

पिल्लू आईच्या बुंध्यापासून फुटलेलं, बहुतेक वेळा स्वतःची मुळं घेऊन आलेलं. पण घाई करू नये. वीतभर उंची आणि चार-पाच पानं झाल्याशिवाय मी हात लावत नाही. इथे डोंबिवलीत जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट, की कापलेली जागा वाळतच नाही. त्यामुळे माझा मुहूर्त दसरा-दिवाळीच्या मधला.

आधी काही दिवस पाणी बंद. मग कुंडी आडवी करून, बाहेरून थापटून अख्खा गड्डा बाहेर काढायचा. वरून ओढलं की मुळं मागे राहतात आणि पिल्लू तेवढं हातात येतं. माती झटकली की आईला जोडणारा जाडसर दांडा दिसतो, तो स्वच्छ, धारदार सुरीने कापायचा. पान कुठे चिरलं तर पिवळा चीक ओघळतो. हाच आटवून काळा बोळ नावाचं औषध करतात. कडू जहर, आणि पोटात गेला तर जुलाब, तेव्हा लहान मुलं आणि मांजरं लांब ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लगेच लावायचं नाही! सावलीत वर्तमानपत्रावर तीन-चार दिवस ठेवून द्यायचं, काप कोरडा होऊन त्यावर खपली धरली पाहिजे. बिचारं सुकून जाईल, असं सगळ्यांना वाटतं. पण कोरफड मूळची अरबस्तानातल्या कोरड्या डोंगरांतली, दिवसा पानांची रंध्रं मिटून घेणारी आणि रात्री उघडणारी. साठवलेल्या पाण्यावर ती सहज तग धरते. ओल्या जखमेनिशी मातीत गेली तर मात्र सडते.

कुंडी मातीची, खाली भोक, भोकावर खापराचा तुकडा. निम्मी माती, निम्मी जाडी रेती, मूठभर गांडूळखत. मधला पोगा, म्हणजे नवी पानं निघतात तो कोंब, मातीखाली जाऊ द्यायचा नाही. पहिला आठवडा पाणी नाही आणि ऊन फक्त सकाळचं. एकदम कडक उन्हात ठेवलं की पानं तांबूस पडतात.

मधून ताजं पोपटी पान निघालं की समजा रुजलं. पानांवर पांढरे ठिपके दिसले म्हणून जात वेगळी आहे असं समजू नका. लहानपणी ठिपके असतातच, आणि पानंही समोरासमोर दोन रांगांत येतात. वय वाढतं तसे ठिपके पुसट होतात आणि पानं चहूबाजूंनी गोल फिरून बसायला लागतात.