हवा जाईन कुठून?

मे महिना, पारा ४४ वर, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सहा कूलर घरघरत असूनही पोरांच्या उत्तरपत्रिकांवर घाम टपकत होता. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून कूलरची जबाबदारी माझ्या गळ्यात. आमच्या कॉलेजात असाच न्याय चालतो.

माझी तयारी शास्त्रशुद्ध होती. आर्द्रता १५ टक्के, म्हणजे ओल्या बल्बचं तापमान (तापमापकाला ओलं फडकं गुंडाळलं की दिसतं ते) साधारण २३ अंश. कूलरची हवा त्याखाली जाणार नाही, पण २७-२८ पर्यंत यायला हरकत नव्हती. पाणी जास्त उडावं म्हणून ताट्यांत गवत दुप्पट भरलं, थंडावा टिकावा म्हणून खिडक्या लावून घेतल्या. हॉलची दमट भट्टी झाली.

सकाळचा पेपर सुटल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं ताटीवर तळहात टेकवला, पंपाचा आवाज ऐकला. "सर, हवा आत येऊन राहिली, पण जाईन कुठून?" समोरच्या खिडक्या दोन-दोन वीत उघडल्या आणि प्रत्येक फटीशी वर्तमानपत्राची पट्टी धरली. पट्टी बाहेर फडफडली की पुढची खिडकी. मग अर्धं गवत उपसलं ("पंख्याचा गळाच दाबला तुम्ही") आणि ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या पन्हळीतली क्षारानं बुजलेली भोकं खिळ्यानं मोकळी केली.

"दोनच वीत काहून?"

"तीन केली तं धग शिरते."

माझ्या कुठल्याच समीकरणात वीत नव्हती. हवा किती थंड होऊ शकते, एवढंच मला ठाऊक होतं. या हॉलमध्ये ती का होत नाही, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. वॉटनं वाफेच्या इंजिनाच्या वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट १७६९ मध्ये घेतलं आणि अशा इंजिनांमागचा सिद्धांत सांगणारं कार्नोचं पुस्तक आलं १८२४ मध्ये, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. लिहितो आणि पुसतो.

दुपारच्या पेपरला मागच्या बाकावरच्या पोरीनं कागद उडू नयेत म्हणून कंपासपेटी ठेवली.

जाताना मिस्त्रीला प्रयोगशाळेतले दोन तापमापक दाखवले, एकाला ओलं फडकं गुंडाळून. एक ४३, दुसरा २३. पावसाळ्यात हे आकडे जवळजवळ येतात, तेव्हा कूलर काही करू शकत नाही, असं सांगितलं. तो बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी हे लावलं, की कूलर खराब हाय का हवाच खराब हाय, ते समजते?"

"समजतं."

"किती रुपयांत भेटते हे?"