हिरवा चुडा आणि डी. वाय. पाटीलचं मैदान

थंडीत लग्नं आणि थंडीतच मोठ्या कॉन्सर्ट. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईच्या जोडप्यांच्या या दोन तारखा एकमेकींवर कधी ना कधी आदळणारच. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यूटू १५ डिसेंबर २०१९ ला वाजवून गेले, कोल्डप्ले १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला. मनाली पुढच्या महिन्यातही जागेवरच असते, बँड नसतो. तेव्हा हनिमूनचा एक दिवस नेरूळमध्ये काढायचा ठरवलात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त सत्यनारायण, जेजुरी आणि कॉन्सर्ट एका दिवसात कोंबू नका. मध्ये एक रात्र झोप हवी.

पहिली गोष्ट, जी बहुतेक जण उलटी करतात: कॉन्सर्ट हे सरप्राइज ठेवू नका. डोळ्यांवर रुमाल बांधून स्टेडियमच्या गेटवर नेणं रीलमध्ये छान दिसतं. प्रत्यक्षात समोरचं माणूस नव्या साडीत, उंच टाचांच्या चपलांत, दुपारी जड जेवून आलेलं असतं आणि पुढचे सहा तास उभं राहायचंय हे त्याला गेटवर कळतं. पोशाख, बूट, जेवण, पाणी हे सगळं आधीच ठरवावं लागतं, म्हणून तिकिटाची बातमी आठवडाभर आधी फोडा. सरप्राइज त्या दिवसात दुसरीकडे ठेवा, एक सकाळी आणि एक रात्री. गेटच्या आत न्यायची वस्तू काहीच नको. फुलं, गिफ्टचे खोके, अत्तराच्या बाटल्या, पॉवर बँक, मोठी बॅग यांतलं बरंचसं तपासणीत अडवतात आणि बाहेर सामान ठेवायची सोय असेलच असं नाही. एकदा आत गेलं की बाहेर येऊन पुन्हा आत जाताही येत नाही. बंदी असलेल्या वस्तूंची यादी तिकिटाबरोबर येते, ती खरंच वाचा.

तिकीट काढताना नव्या जोडप्यांची हमखास होणारी चूक म्हणजे आडनाव. कौतुकाने सासरच्या आडनावाने तिकीट काढलं जातं, आधारवर मात्र माहेरचं आडनाव असतं. ओळखपत्र तपासणारा मुलगा तुमची पत्रिका बघत नाही. आधारवर जे नाव, तेच तिकिटावर. आत बीअर घ्यायचा विचार असेल तरी मूळ ओळखपत्र लागेलच. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात.

आता सकाळ. नवी मुंबईत नोव्हेंबर ते मे या काळात फुकटात मिळणारं सगळ्यात देखणं दृश्य म्हणजे फ्लेमिंगो. नेरूळच्या तलावे पाणथळीच्या आणि डीपीएस शाळेजवळच्या तळ्याच्या बाजूला ते किनाऱ्यावरूनही दिसतात, पण सरप्राइज म्हणून ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राची बोट जास्त भारी. तिथून ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात जाता येतं. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. जानेवारीनंतर पक्ष्यांची संख्या चांगलीच वाढते.

गोची एवढीच की बोटीला पाणी लागतं आणि फ्लेमिंगोंना चिखल. पूर्ण ओहोटीला बोट निघत नाही आणि पूर्ण भरतीला पक्ष्यांची खायची जागा पाण्याखाली जाते. म्हणून बोटीची वेळ रोज बदलते. ती बुकिंग करताना कळेलच, पण त्याआधी घरच्या कालनिर्णयवरून अंदाज काढता येतो. कोळी मंडळींचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानाने भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, आणि बोट त्याच्या आगेमागे, दुपारची. दुपारी तर गेट उघडतात, म्हणजे तो दिवस बाद. द्वादशीला बाराचे पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळची बोट आणि दुपारी झोप. कॉन्सर्टच्या तारखेला दशमी ते त्रयोदशी यांपैकी काही असेल तर डोळे झाकून बोट ठरवा. जुळत नसेल तर हट्ट सोडा आणि ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी लवकर एक फेरी मारा. बोटीवर उन्हाची टोपी आणि दुर्बीण न्या. गॉगल न्यायचं जोडपी विसरत नाहीत, दुर्बीण हमखास विसरतात.

सकाळचा नाश्ता साधा. ठाण्याच्या मामलेदारची झणझणीत मिसळ दुसऱ्या दिवशी. ती तर्री पोटात घेऊन तासन् तास स्वच्छतागृहाच्या रांगेपासून लांब उभं राहणं हे धाडस आहे, रोमान्स नव्हे. दुपारी बाराच्या आसपास वरण-भात किंवा दही-भात, दोन तास आडवं होणं आणि निघण्यापूर्वी एक केळं.

नव्या नवरीच्या अंगावरचे दागिने हा स्वतंत्र विषय आहे आणि कॉन्सर्टच्या कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये तो सापडणार नाही. काचेचा हिरवा चुडा गर्दीत फुटतो, आणि तुकडा आपल्या किंवा शेजारच्याच्या हातात घुसू शकतो. चुडा उतरवायचा नसेल तर जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून टाका, वरची नळी मनगटावरून सगळ्या बांगड्यांवर ओढून घ्या आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. प्रवेशाचा पट्टा (रिस्टबँड) मिळणार असेल तर तो बांगड्यांच्या वर, कोपराकडच्या बाजूला बांधून घ्या. एक बोट आत जाईल इतका सैल ठेवायचा, कारण तो एकदा आवळला की कात्रीनेच निघतो.

जोडवी त्याहून त्रासदायक. बंद बुटात ती शेजारच्या बोटात रुततात आणि तासाभरात फोड येतो. शक्य असेल तर त्या दिवसापुरती काढून ठेवा. घरच्यांना ते रुचणार नसेल तर जोडव्यावर मायक्रोपोर पट्टीचे दोन वेढे, शेजारच्या बोटालाही एक वेढा आणि त्यावर जाड मोजे. बूट जुनेच घाला. मंगळसूत्र आखूड आणि टीशर्टच्या आत. लांब असेल तर वाट्या समोरच्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकतात आणि मग दोघांनाही वाकूनच गाणं ऐकावं लागतं. झुमके नकोत, त्याचं कारण पुढे येतं.

आत गेल्यावर सगळ्यांची धाव स्टेजकडे. तिथे गायक जवळून दिसतो, पण आवाज चांगला नसतो. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत खर्जाचे मोठे स्पीकर जमिनीवर असतात, त्यामुळे ड्रम छातीत वाजतो आणि शब्द हरवतात. आवाज सगळ्यात नेटका लागतो तो मिक्सरच्या मांडवापाशी, कारण ध्वनी सांभाळणारा माणूस तिथे बसूनच सगळं जुळवतो. मांडवाच्या बाजूला, कठड्याला पाठ टेकता येईल अशी जागा पकडा. मागे उभे राहू नका, मांडवच आड येतो. फार मागे राहिलात तर स्क्रीनवरचे ओठ आणि कानावर येणारे शब्द जुळत नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरला जवळपास पाव ते एक तृतीयांश सेकंदाचा उशीर. मधल्या खांबांवरचे स्पीकर मुद्दाम थोडे उशिरा वाजवतात ते स्टेजवरून येणाऱ्या आवाजाशी जुळावेत म्हणूनच.

कानाचे बोळे दोघांनीही घालायचे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती उरते १५ मिनिटं, आणि कॉन्सर्ट दोन तासांची. फोमचे बोळे नुसते कानात कोंबले की काम करत नाहीत. बोटांत वळून काडीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. झुमके घातलेले असले की नेमकं हेच जमत नाही. बोळे घालून एकमेकांशी बोलताही येतं, हा त्यांचा न सांगितला जाणारा फायदा.

"आपलं गाणं" कधी येणार याचा अंदाज आधी घेऊन ठेवा. दौऱ्यातल्या आधीच्या शहरांत काय क्रमाने वाजवलं ते इंटरनेटवर मिळतं आणि मोठे बँड तो क्रम सहसा फारसा बदलत नाहीत. पावणेआठला मुख्य बँड आला आणि गाणं दहावं असेल, तर गाण्यामागे पाच मिनिटं धरून साडेआठ. पाणी आणि स्वच्छतागृह त्याआधी उरकून घ्यायचं. ही यादी जोडीदाराला दाखवू नका. गेटच्या आत नेता येणारं सरप्राइज एवढंच. फोनच्या भरवशावर मात्र काही ठेवू नका, गर्दीत नेटवर्क कोलमडतं. चुकामूक झाली तर भेटायची जागा गेटच्या क्रमांकाने ठरवा. "स्टेजच्या उजवीकडे" म्हटलं की एक जण स्टेजकडे तोंड करून उजवं मोजतो आणि दुसरा पाठ करून.

उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहापर्यंतच परवानगी असते. बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते आणि ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात संपतात. म्हणून कार्यक्रम दहाला आटोपतो असं धरून चाला. संपताच धावू नका. नेरूळ आणि जुईनगर दोन्ही स्टेशनांवर तेव्हा लोंढा असतो. अर्धा-पाऊण तास बसून काढा. ठाण्याकडे ट्रान्स-हार्बर लोकलने परतणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा आणि परतीचं तिकीट येतानाच काढा. पण हनिमून आहे, तर नेरूळ, बेलापूर किंवा वाशीला खोली घ्याच, तीही तारीख पुढे गेली तर पैसे परत मिळतील अशी. कॉन्सर्टच्या दिवसांत भाडी चढतात, थांबलात तर आणखी चढतात.

खोलीवर पोचायला अकरा-साडेअकरा होतात आणि तोवर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. म्हणून सकाळीच दही-भात आणि सोलकढी सांगून ठेवा. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरायला सांगू नका. घामेजल्या पायांना चिकटतात आणि चादरीला डाग पडतात, ज्याचं बिल तुम्हाला येतं. मेणबत्त्याही नकोत, छतावर धुराचा अलार्म असतो. त्यापेक्षा सकाळी गजरा घेऊन ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. थंडीत मोगरा महाग आणि कळ्या बारीक, तेव्हा निशिगंध घ्या. संध्याकाळनंतर त्याचा वास अजून चढतो.

आणि रिसेप्शनला सांगून एक बादली मागवून ठेवा. गीझरचं पाणी कोपराला सोसेल इतकं गरम, त्यात दोन मुठी जाडं मीठ. पायाला फोड आला असेल तर मीठ घालू नका, झोंबेल. चार पाय एका बादलीत मावत नाहीत, म्हणून दोन मागवा. हॉटेलवाले एकच देतात. मग आधी कोण, हे तुमचं तुम्ही ठरवा.