रॅम वाढवली आणि पीसी चालूच होईना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातला पीसी, जॅकार्डची म्हणजे विणीतल्या नक्षीची डिझाइन करायचा. एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, रॅमचे दोन स्लॉट आणि त्यात ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅमची स्टिक. मालकांनी ऑनलाइन ८ जीबीची स्वस्त स्टिक मागवून रिकाम्या स्लॉटमध्ये बसवून घेतली. मग ऑपरेटरचा फोन आला, "दादा, पंखा फिरतोय, लाइट लागतीय, पण डिस्प्लेच येईना."

एवढ्यावर स्टिक खराब म्हणून मोकळं होता येत नाही. आधी बीप ऐकायला हवा, बोर्ड आपला दोष बीपच्या आवाजाने सांगतो. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर नसतो, म्हणून मी चार पिनांच्या हेडरवर बसणारा छोटा बझर सोबतच ठेवतो. इथे बीप पुन्हा पुन्हा वाजत होता, म्हणजे बोट मेमरीकडेच. बझर अगदी गप्प असता, तर आधी प्रोसेसरच्या पॉवरची ४ किंवा ८ पिनांची केबल बघितली असती. रॅम बसवताना हात लागून ती सैल होते आणि दोष रॅमवर जातो.

वायर काढली, पॉवरचं बटण पंधराएक सेकंद दाबून धरलं आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच स्टिकला हात घातला. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्टॅटिक सहज साठतं, ही सवय सोडू नये.

तपासणीचा क्रम असा: नवी स्टिक बाजूला, जुनी तिच्या मूळ स्लॉटमध्ये. पीसी सुरू झाला, बोर्ड ठीक. तीच जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली, तर पुन्हा बीप. म्हणजे नव्या स्टिकचा विचार करण्याआधीच इथे एक दोष सापडला. टॉर्च मारून पाहिलं, तर वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या त्या स्लॉटच्या तळाशी सुताची बारीक पांढरी लव चिकटून बसलेली. मागाच्या शेडशेजारच्या पीसीत हे हमखास दिसतं. लव कोरड्या मऊ ब्रशने सैल केली आणि हातातल्या ब्लोअरने उडवली. कारखान्यातला कॉम्प्रेसर वापरायला ऑपरेटर निघाला होता, त्याला थांबवलं: त्या हवेबरोबर पाणी आणि तेलाचे कण येतात. स्टिकच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या पुसल्या, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला आणि पूर्ण सुकू दिल्या. आता जुनी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालली.

नवी मात्र एकटी टाकली तरी एकाही स्लॉटमध्ये चालेना. खाच बरोबर, २४० पिना बरोबर, क्लिप कट्‌ आवाज करून बसत होत्या. सीमॉस क्लिअर करून, म्हणजे बोर्डाच्या साठवलेल्या सेटिंग पुसून पाहायचं होतं, पण आधी जुन्या स्टिकवर बायोसमध्ये, म्हणजे त्या सेटिंगच्या पडद्यावर जाऊन साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आणि बूट मोडचे (विंडोज सुरू करायची पद्धत) फोटो काढले. क्लिअर केल्यावर साटा मोड एएचसीआयचा बदलून जुना आयडीई झाला तर विंडोज निळा पडदा दाखवतं आणि एका दुखण्याची दोन होतात. मग वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ बटण सेल काही मिनिटं बाहेर ठेवला. फरक शून्य.

तेव्हा लेबल नीट वाचलं. चांगल्या स्टिकवर २आरएक्स८ किंवा १आरएक्स८ असं छापलेलं असतं: पहिला आकडा रँक किती, शेवटचा एकेक चिप किती बिटांची. यावर तसं काहीच नव्हतं, आणि मालकांच्या ऑर्डरमध्ये बारीक अक्षरात 'फॉर एएमडी' लिहिलेलं. मेमरीचा डेटा मार्ग ६४ बिटांचा. तो मार्ग मिळून भरणारा चिपांचा गट म्हणजे रँक; आठ-आठ बिटांच्या ८ चिपांची एक रँक होते. या स्वस्त स्टिकमध्ये चार-चार बिटांच्या १६ चिपांची रँक असते. इंटेलचा डेस्कटॉप मेमरी कंट्रोलर ही रचना घेत नाही, त्या काळातले एएमडीचे बरेच बोर्ड घेतात. चिपा मोजून ओळख पटत नाही, कारण २आरएक्स८ स्टिकवरही १६ चिपाच असतात. खात्रीसाठी ती एका जुन्या एएमडी पीसीत लावली, तिथे पूर्ण ८ जीबी दाखवली. म्हणजे स्टिक चांगली होती, फक्त या बोर्डाची नव्हती. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले बोर्डसुद्धा भंगारात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ती परत करून १६०० मेगाहर्ट्‌झची २आरएक्स८ स्टिक घेतली, बिलावर तसं लिहून घेतलं. ४ आणि ८ एकत्र चालतात: दोन्ही स्टिकच्या ४-४ मिळून ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी, मोठ्या स्टिकची उरलेली ४ सिंगलमध्ये. जुनी स्टिक १३३३ची असल्यामुळे दोन्ही १३३३वरच धावतात, ते चालतं. विंडोज ६४ बिटचं आहे ना, हेही पाहिलं. ३२ बिटचं असतं तर ४ जीबीच्या पुढची वापरताच आली नसती. रात्रभर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर चालू ठेवलं. सकाळी चूक दाखवणारी एकही लाल ओळ नव्हती, मगच कॅबिनेटचं झाकण लावलं.