आमची वाटचाल : खिडकीच्या काचेपासून रीफ टँकच्या सम्पपर्यंत

रत्नागिरीत आमचा गाळा सुरू झाला तो खिडक्यांच्या काचा, शोकेस आणि आरशांसाठी. माशांच्या टाक्या हे त्याच कामाचं शेपूट. काच तीच, सिलिकॉनची गन तीच. पुढे अलिबागपासून मालवणपर्यंतच्या घरांतून आणि रिसॉर्टांतून खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकची, म्हणजे प्रवाळांच्या टाक्यांची, विचारणा येऊ लागली आणि कामाचा भर बदलला. रीफ टँकच्या खाली सम्प लागतो, म्हणजे पाणी साफ करायची दुसरी टाकी : वरचं पाणी ड्रेनच्या पाइपाने तिच्यात उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपाने परत वर चढवतो. बाहेरून तयार मागवलेला सम्प इथल्या दोन गोष्टी हिशेबात धरत नाही : वरचेवर जाणारी लाईट आणि लोखंड खाणारी हवा. आमचा धंदा या दोन गोष्टींवरच उभा राहिला.

म्हणून ऑर्डर घेताना आम्ही स्किमर (बुडबुड्यांच्या फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कोणता हे नंतर विचारतो. लाईट गेल्यावर वरचं पाणी किती खाली येणार, हे आधी काढतो. नेहमीचा डिस्प्ले टँक, म्हणजे वरची दिसणारी टाकी, घ्या, ४८ × २४ × २४ इंचांचा, काठोकाठ ४५३ लिटरचा. त्यातला एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ १९ लिटर. खाली ३६ × १८ × १६ इंचांचा सम्प असेल तर त्यातला एक इंच साडेदहा लिटरचा. म्हणजे वर एक इंच उतरलं की खाली पावणेदोन इंच चढतं. सम्पमध्ये चालू पातळी ९ इंच ठेवली तर वर ७ इंच मोकळे राहतात, म्हणजे ७४ लिटरची जागा. रिटर्नचं तोंड पाण्याखाली दीड इंचावर असेल तर पंप बंद पडल्यावर साधारण २८ लिटर परत येतं. त्यात ओव्हरफ्लो बॉक्स (ज्यात सांडून वरचं पाणी ड्रेनमध्ये जातं) आणि पाइपांतलं पाणी धरलं तरी ३५ ते ४० लिटर. बसतं. पण तेच तोंड कोणी 'प्रवाह खोल जावा' म्हणून ६ इंचांवर नेलं, तर ११३ लिटर खाली येणार आणि कोबा धुऊन निघणार. रिटर्नला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडतात, सायफन तुटावा म्हणून. ते पाडावंच, पण त्यात शेवाळ आणि गोगलगाय बसते. नॉन-रिटर्न व्हॉल्वच्या पडद्यावर चुन्याचे कण धरतात आणि तो नीट मिटत नाही. दोन्हींवर विसंबू नका. तोंडच वर ठेवा.

दुसरा हिशेब याच्या उलटा. ड्रेन तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? पंप फक्त रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी वर ढकलू शकतो, कारण बाकीचं पाणी बॅफलने, म्हणजे सम्पचे कप्पे पाडणाऱ्या काचेने, अडवलेलं असतं. तो कप्पा ८ × १८ इंचांचा आणि त्यात ८ इंच पाणी धरलं तर १९ लिटर होतात, म्हणजे डिस्प्लेत एक इंच. वर किमान सव्वा इंच मोकळा सोडला की टाकी सांडत नाही, पंप फार तर कोरडा फिरतो. यामुळेच हा कप्पा फार मोठा करू नये. फार लहानही नको. बाष्पीभवनाची घट सगळी याच कप्प्यात दिसते. रोज पाच लिटर उडाले तर पातळी दोन इंच उतरते. तिथे फ्लोट स्विचवर गोडं पाणी भरणारा ऑटो टॉप-अप लागतो, आणि त्याचा कॅन २५ लिटरचाच ठेवावा. स्विच अडकून पूर्ण कॅन रिकामा झाला तरी ४७५ लिटरच्या सिस्टिममध्ये खारटपणा दर हजारी ३५ वरून सव्वातेहेतीसवर येतो. प्रवाळ कुरकुरतील, मरणार नाहीत. शंभर लिटरचा पिंप जोडलात तर तोच आकडा २९ च्या आसपास जातो.

सुरुवातीला आम्ही फक्त काचेचा डबा द्यायचो, पाइपिंग गिऱ्हाईकाचा प्लंबर करायचा. आता तेही आम्हीच करतो, कारण सम्पचं निम्मं यश ड्रेनमध्ये आहे. दोन पाइप लावतो. एक पूर्ण भरून सायफनवर चालणारा, गेट व्हॉल्वने आवळलेला. दुसरा कोरडा, आणीबाणीचा, ज्यावर कुठलाही व्हॉल्व नाही. बॉल व्हॉल्वने बारीक जुळवणी होत नाही, थोडा फिरवला की पातळी उडी मारते. आणि गेट व्हॉल्व प्लास्टिकचाच. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मागितला की पितळी हातात पडतो. पितळेत तांबं असतं, आणि तांब्याने मासे तगले तरी प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी जातात. सायफनचा पाइप सम्पच्या पाण्यात इंचभरच बुडवायचा. जास्त बुडवला तर लाईट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरत नाही आणि पाणी आणीबाणीच्या पाइपाने गडगडत राहतं. दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या गावात हा इंच फार महत्त्वाचा.

कप्पे साधेच. ड्रेन २०० मायक्रॉनच्या मोज्यात, म्हणजे मोज्यासारख्या कापडी गाळणीत, पडतो. मोजा तीन-चार दिवसांनी बदलायचा, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते. पुढे स्किमर. त्याला बनवणाऱ्याने सांगितलेली पाण्याची खोली, बहुतेकदा ७ ते ९ इंच, स्थिर हवी. म्हणून त्या कप्प्याची पातळी बॅफलच्या उंचीनेच पक्की करतो. जागा असेल तर मध्ये कीटोमॉर्फा शेवाळाचा कप्पा. त्याचा दिवा वरच्या टाकीच्या उलट वेळी, म्हणजे रात्री लावला की पहाटे पीएच तितका खाली घसरत नाही. शेवटी एकेक इंचाच्या फटीचे तीन बॅफल, वर-खाली-वर, बुडबुडे काढायला. प्रवाह टाकीच्या तिप्पट ते पाचपट प्रतितास पुरे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट चढून आणि एल्बोंमधून जाऊन त्यातला बराच गळतो, त्यामुळे १५०० लिटर हवे असतील तर ३००० चा पंप घ्यावा.

काच आम्ही १० मिमी वापरतो, बॅफलला ६ मिमी. ॲक्रिलिकचे बॅफल बंद केले. ते काचेला सिलिकॉनने टिकाऊ चिकटत नाहीत. सिलिकॉन ॲसिटिक, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठीचं 'अँटी-फंगस' टाकीत चालत नाही. कडा ॲसिटोनने पुसून, कोरड्या करूनच जोडायच्या. पावसाळ्यात सिलिकॉन सुकायला अडचण नसते, त्याला दमट हवा उलट मानवते. अडचण काचेवर धरणाऱ्या ओलाव्याची. सात दिवस ठेवतो, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत. मग गाळ्यातच ४८ तास काठोकाठ भरून पाहतो. घरी बसवल्यावर मेन स्विच बंद करून पाणी उतरू देतो आणि जिथे थांबेल तिथे सम्पवर मार्करने रेघ मारतो. पंप बंद असताना पाणी त्या रेघेच्या वर कधीच जाता कामा नये.

खाऱ्या हवेबद्दल थोडं. स्टँडचा लोखंडी चौकोनी पाइप इपॉक्सी मारूनही वेल्डिंगच्या जागी फुगतो, म्हणून आता ॲल्युमिनियम सेक्शन किंवा मरीन प्लाय. ३०४ स्टीलचे स्क्रू तांबूस पडतात, ३१६ टिकतात. टाकी आणि सम्पची पूर्ण भरलेली ही जोडी सातशे किलोंच्या पुढे जाते. जुन्या घराच्या लाकडी माडीवर आम्ही बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर आणायची आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनाने, आणि जूनच्या दमट हवेत ते फारच कमी होतं. त्यामुळे २६ अंश टिकवायला चिलर लागतो, या मापाला पाव एचपीच्या खाली नको. तो कॅबिनेटच्या आत ठेवू नका, आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो. गणपतीआधी घराला रंग काढणार असाल तर स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढा. तो खोलीतली हवा पाण्यात घुसळतो, रंगाच्या वासासकट.

जिवंत माल आम्ही विकत नाही. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. 'तिथून एखादा दगड आणून द्या' या मागणीला उत्तर एकच, नाही. मिठागरातलं खडेमीठही टाकीत टाकू नका. त्यात बहुतेक सोडियम क्लोराइडच असतं, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मागच्या पाण्यात राहून गेलेलं असतं. आरओचं पाणी आणि रीफ सॉल्ट, एवढंच.

माप पाठवताना कॅबिनेटच्या आतली रुंदी नको, दाराच्या चौकटीतली मोकळी जागा पाठवा. आत ४० इंच असून दार ३४ चं असेल तर ३६ चा सम्प सरळ आत जात नाही. सम्पच्या काठावर किती उंची उरते तेही लिहा, कारण स्किमरचा कप वर उचलून काढावा लागतो. स्किमर आणि टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा पाइपाचा जोड) आधी आमच्याकडे पाठवा. भोकाचं माप आम्ही कॅटलॉगवरून घेत नाही, निपल हातात आल्यावरच डायमंड बिट लावतो. आणि डिस्प्लेची काच टफन्ड असेल तर ते आधी सांगा. तिला नंतर भोक पाडता येत नाही.